गणित, जीवसृष्टी आणि संशोधनाची वाट

(गोवंडी येथे शिक्षक, पालक व लोकप्रतिनिधी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकावयास थोडा जड आहे. 'गणिती उत्क्रांतिजीवशास्त्र आणि त्यात विद्यावेतनासह पीएच.डी. करण्याच्या संधी' असा तो आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. त्यामुळे या शास्त्रातील समीकरणे आपणांस शिकवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु शासनाच्या आणि विज्ञानसंस्थांच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे हे माझे काम आहे. त्या कामात एक गोष्ट वारंवार नजरेस येते. योजना असते, तिच्यासाठी पैसा असतो, पात्र ठरू शकेल असा विद्यार्थीही असतो. पण त्या विद्यार्थ्याच्या घरी किंवा शाळेत त्या योजनेचे नाव कोणी उच्चारलेले नसते. आज ते नाव उच्चारावे, एवढाच माझा हेतू आहे.

हा विषय गोवंडीतच का मांडावयाचा, असे कोणी विचारील. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महानगरपालिकेच्या सर्व विभागांत एम पूर्व विभागाचा, म्हणजे आपल्या या भागाचा, क्रमांक शेवटचा होता. त्याच वेळी याच परिसराकडे दुसऱ्या बाजूने पाहा. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे आणि तिच्याजवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. पुढच्या स्टेशनला, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आणि तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र. देशभरातील विद्यार्थी ज्या संस्थांत शिकण्यासाठी येतात, त्यांच्या भिंतींना लागून आपली वस्ती आहे. दिव्याखाली अंधार ही म्हण अशा स्थितीसाठीच असावी. हा अंधार दूर करण्याची जबाबदारी दिव्याइतकीच आपलीही आहे.

उत्क्रांतीचे गणित म्हणजे काय?

चार्ल्स डार्विन यांचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. सजीवांत लहानलहान फरक असतात, त्यांतील काही फरक जगण्यास व प्रजननास उपकारक ठरतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच टिकून वाढत जातात, हा त्यातील मुख्य विचार होय. परंतु हे फरक एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेमके कसे उतरतात, हे डार्विन यांना ठाऊक नव्हते. ते ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून १८६६ मध्ये मांडले होते. मात्र त्याच्या निबंधाकडे जगाचे लक्ष गेले ते १९०० साली.

या दोन विचारांचा सांधा जुळवला तो गणिताने. १९०८ मध्ये हार्डी या इंग्रज गणितज्ञाने आणि वाइनबर्ग या जर्मन वैद्याने स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन असे कोणतेही कारण नसेल आणि समूह पुरेसा मोठा असेल, तर एखाद्या जनुकाच्या दोन रूपांचे समूहातील प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. म्हणजे ते बदलले तर त्यास कारण आहे असे समजावे, आणि ते कारण मोजावे. पुढे फिशर, हाल्डेन आणि राइट या तिघांनी हे मोजण्याचे शास्त्र उभे केले. फिशर यांचा या विषयावरील मूलभूत ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. उत्क्रांती किती वेगाने होते, एखादा गुण समूहात पसरण्यास किती पिढ्या लागतात, लहान समूहात केवळ योगायोगाने काय घडू शकते, अशा प्रश्नांची उत्तरे संख्येत देणारे हे शास्त्र होय.

क्षयाच्या जंतूचा हिशेब

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. औषधांना दाद न देणारा क्षय, हा शब्द गोवंडी, मानखुर्द या भागातील आरोग्यसेविकांना नवा नाही. जंतू औषधाला दाद देईनासा होतो तो का?

समजा, रुग्णाच्या शरीरातील एका ठिकाणी दहा लाख जंतू आहेत आणि त्यांतील एकच जंतू, योगायोगाने झालेल्या बदलामुळे, एका औषधाला दाद न देणारा आहे. औषध सुरू झाले, पण ते अपुऱ्या प्रमाणात घेतले गेले. त्यामुळे साधे जंतू जितके जन्मतात तितकेच मरतात, त्यांची संख्या वाढत नाही. तो एक जंतू मात्र दर पिढीला दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा पिढ्यांनंतर त्याची संतती १,०२४ होते. दहा लाखांत एक हजार म्हणजे हजारात एक. एवढ्याने काही बिघडले असे कोणास वाटणार नाही. पण आणखी दहा पिढ्यांनी ती संख्या १०,४८,५७६ होते, म्हणजे साध्या जंतूंच्या बरोबरीची. आणि तिसाव्या पिढीस ती एकशे सात कोटींवर जाते. दर हजार रोधी जंतूंमागे एक साधा जंतूही आता उरलेला नसतो. क्षयाचा जंतू सावकाश वाढणारा आहे. त्यास दुप्पट होण्यास साधारण एक दिवस लागतो. तरीही या हिशेबाने महिनाभरात सारे चित्र पालटते.

हे उदाहरण समजण्यासाठी सोपे केले आहे. प्रत्यक्षात हिशेब अधिक गुंतागुंतीचा असतो. पण याच हिशेबातून उपचाराची पद्धतही समजते. क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे का देतात? आयसोनियाझिड या औषधास दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. रिफॅम्पिसिन या औषधास दाद न देणारा साधारण दहा कोटींत एक. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. एकटे आयसोनियाझिड दिले, तर त्यास दाद न देणारे शंभर जंतू तेथे आधीपासून हजर आहेत. दोन्ही औषधे एकत्र दिली, तर दोहोंनाही दाद न देणारा जंतू सापडण्याची शक्यता या दोन अपूर्णांकांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे एकावर चौदा शून्ये इतक्यांत एक एवढी उरते. म्हणून औषधे एकत्र द्यावयाची आणि म्हणूनच ती मध्येच सोडावयाची नाहीत. शाळेत शिकवलेल्या घातांकांचा आणि संभाव्यतेचा हा उपयोग आहे, आणि तो कोणाच्या तरी आईवडिलांच्या जिवाशी निगडित आहे.

कोविडच्या साथीतही हेच गणित कामी आले. भारतात २०२० च्या अखेरीस प्रथम आढळलेला 'डेल्टा' हा विषाणूचा प्रकार इतर प्रकारांना मागे टाकीत २०२१ मध्ये जगभर पसरला. नमुन्यांतील त्याचे प्रमाण आठवड्याआठवड्याला किती पटीने वाढते यावरून त्याच्या प्रसाराचा वेग संशोधक ठरवीत होते. जंतूंच्या उदाहरणातील दुपटीचा हिशेब तो हाच.

कोसंबींचे सूत्र

हे शास्त्र परक्यांचे आहे, आपल्याकडे त्याची परंपरा नाही, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून परिचित आहे. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे जन्मलेले कोसंबी व्यवसायाने गणितज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये पदवी घेऊन ते परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यानंतर १९३३ पासून बारा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. पुढे होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि १९६२ पर्यंत तेथे होते.

पुण्यात अध्यापन करीत असतानाच, १९४४ मध्ये, त्यांचा अवघ्या काही पानांचा एक निबंध 'ॲनल्स ऑफ यूजेनिक्स' या लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील विचार आपल्या हार्बर मार्गाच्या उदाहरणाने सांगतो. गुणसूत्रावर जनुके ओळीने असतात, जशी या मार्गावर चेंबूर, गोवंडी, मानखुर्द ही स्थानके. दोन जनुकांतील अंतर प्रत्यक्ष मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी ती एकमेकांपासून तुटण्याची शक्यता अधिक. पुढील पिढीत ती किती वेळा तुटलेली दिसतात हे मोजून अंतराचा अंदाज बांधावयाचा. पण अडचण अशी की, मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर तुटलेली जोडी पुन्हा जुळलेली दिसते आणि हिशेब चुकतो. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले होते. परंतु त्यात प्रत्येक अदलाबदल इतरांपासून स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हा अडथळा कोसंबींनी आपल्या सूत्रात हिशेबात घेतला.

दोन्हींतील फरक पाहा. शंभरांपैकी वीस संततींत दोन गुणांची फारकत झालेली दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर साडेपंचवीस येते आणि कोसंबींच्या सूत्राने एकवीसहून किंचित अधिक. भात, गहू किंवा अन्य पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ आजही संगणकावर 'कोसंबी' हा पर्याय निवडतात. त्यांतील कित्येकांना हा माणूस गोव्याचा होता, हेही ठाऊक नसेल.

याच परंपरेचे आणखी काही धागे सांगितले पाहिजेत. खुद्द हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले सुरेश जयकर यांनी त्यांच्यासमवेत १९६३ मध्ये, निवडीची दिशा वारंवार बदलत असेल तर जनुकाची दोन्ही रूपे समूहात कशी टिकतात, यावर लिहिलेला निबंध या शास्त्रात आजही आधारभूत मानला जातो. मुंबईत ल. दे. संघवी आणि डॉ. वि. रा. खानोलकर यांनी शहरातील सहा अंतर्विवाही गटांचा आनुवंशिक अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९५३ मध्ये संघवी यांनी अशा गटांतील अंतर संख्येने मोजण्याची एक रीत मांडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील इरावती कर्वे यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासमवेत १९६८ मध्ये अशाच आठ गटांची तुलना केली. समाजात एकाच पायरीचे मानले गेलेले गट जैविकदृष्ट्याही एकसारखे असतात काय, हे नुसत्या समजुतीवर न सोडता त्यांनी मोजून पाहिले.

देवनारचे समीकरण

गोवंडीकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेची स्थापना १९५६ मध्ये झाली आणि १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोणत्या वयात किती स्त्रियांना मुले होतात आणि कोणत्या वयापर्यंत किती माणसे जगतात, एवढ्या दोन तक्त्यांवरून लोकसंख्या दीर्घकाळात कोणत्या दराने वाढेल हे काढता येते. लोकसंख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे समीकरण शिकावे लागते. ते ऑयलर आणि लोटका यांच्या नावाने ओळखले जाते. फिशर यांनी १९३० च्या ग्रंथात नेमका हाच वाढीचा दर उत्क्रांतीच्या हिशेबाला पायाभूत म्हणून घेतला. म्हणजे आपल्या स्टेशनपासून थोड्या अंतरावर माणसांची जी मोजणी शिकवली जाते, तीच मोजणी जनुकांना लावली की उत्क्रांतीचे गणित होते. दोन्ही विद्या सख्ख्या बहिणी आहेत.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत रक्ताचे सुमारे सात हजार नमुने घेऊन कोविडचा प्रसार मोजण्यात आला. शेजारचा चेंबूरचा एम पश्चिम विभाग त्यांत होता. महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के, तर इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. ही संख्या हाती आल्यावाचून साथीबद्दलचे बोलणे अंदाजाचेच राहिले असते. अशा मोजणीत वस्तीची माणसे नमुना म्हणून असतात. त्यांच्यांतील कोणी तरी एके दिवशी मोजणाऱ्यांच्या बाजूला बसावे, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

संशोधन कोठे करता येते?

या शास्त्रात पीएच.डी. करण्यासाठी परदेशीच गेले पाहिजे असे नाही. पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे 'आयसर', २००६ मध्ये सुरू झाली; तेथे जीवशास्त्र व गणित हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. पवईची आयआयटी आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईतच आहेत. बंगळूर येथे भारतीय विज्ञान संस्था, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र आणि जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्र आहे. चेन्नईची गणितविज्ञान संस्था आणि कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था यांचीही नावे घेतली पाहिजेत. लोकसंख्याशास्त्राकडे ओढा असणाऱ्यास देवनारची संस्था आहेच.

प्रवेशाच्या वाटा प्रामुख्याने अशा आहेत. पहिली, सीएसआयआर व विद्यापीठ अनुदान आयोग यांची संयुक्त 'नेट' परीक्षा. तीत जीवविज्ञान आणि गणितविज्ञान हे दोन स्वतंत्र विषय आहेत. विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर शिक्षणास अनुरूप तो निवडावा. या परीक्षेच्या निकालात निरनिराळे गट असतात आणि केवळ कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीच्या गटात नाव आलेल्यास विद्यावेतन मिळते, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य समजावून सांगावे. दुसरी वाट 'गेट' परीक्षेची. तिसरी, टाटा मूलभूत संशोधन संस्था जीवशास्त्र व आंतरविद्याशाखीय जीवविज्ञानासाठी घेते त्या संयुक्त प्रवेश परीक्षेची. तिला गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थीही बसू शकतात. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची डॉक्टरेट शिष्यवृत्ती आहे.

परदेशाची वाट धरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. युरोपातील अनेक देशांत पीएच.डी.चा विद्यार्थी हा पगारी नोकर समजला जातो आणि जागेची जाहिरात निघते. अमेरिकेत बहुधा विद्यापीठच शिक्षणशुल्क माफ करून अध्यापन वा संशोधन साहाय्यकाचे वेतन देते. म्हणून विज्ञानातील पीएच.डी.साठी जमीन किंवा दागिने गहाण टाकण्याची पाळी येऊ नये, आणि 'प्रवेश मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

पैशाचा प्रश्न

आता घरोघर विचारला जाणारा प्रश्न. 'पोरगं पंचविशीला आलं, अजून शिकतंय. मग कमावणार कधी?' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या घरात एका माणसाच्या कमाईवर पाच माणसे जेवतात, तेथे तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर उपदेशाने देऊ नये, आकड्यांनी द्यावे.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ४२,००० रुपये आहे. त्यापूर्वी, २०१९ पासून, कनिष्ठ दर ३१,००० रुपये होता. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व पुढील तीन वर्षे वरिष्ठ दराने हिशेब केला, तर पाच वर्षांत २४ लाख रुपये होतात. नियमानुसार मिळणारा घरभाडे भत्ता यात धरलेला नाही. हे कर्ज नाही; त्याची परतफेड नाही. हे दानही नाही. संशोधन हे काम आहे आणि हा त्या कामाचा मोबदला आहे, अशा दृष्टीने पालकांनी त्याकडे पाहावे.

याखेरीज राज्यात पुण्याची 'बार्टी' अनुसूचित जातींसाठी, 'सारथी' मराठा व कुणबी समाजासाठी आणि नागपूरची 'महाज्योती' इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी पीएच.डी. अधिछात्रवृत्तीच्या योजना राबवते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती वेगळ्या आहेत. दोन जुन्या योजनांबद्दल मात्र सावध करणे अगत्याचे आहे, कारण त्यांची नावे अद्याप लोकांच्या तोंडी आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली आहे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षाही २०२२ पासून होत नाही. गोवंडीतील बहुसंख्य मुलांचा विचार करता पहिली गोष्ट खेदाची आहे. पण 'नेट', 'गेट' आणि संस्थांच्या प्रवेश परीक्षा सर्वांना खुल्या आहेत आणि त्या वाटेने मिळणारे विद्यावेतन तेवढेच आहे.

दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. या परीक्षांची चुरस मोठी आहे. पीएच.डी. झाल्यावर प्राध्यापकाची कायम जागा मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. अधिछात्रवृत्तीचा हप्ता वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारीही ऐकू येतात, आणि ज्या घरात शिल्लक नाही तेथे तीन महिन्यांचा उशीर म्हणजे शिक्षण सोडण्याची वेळ असते. हे ठाऊक असूनही मी ही वाट दाखवतो आहे, कारण साथरोग, औषधनिर्मिती, बियाणे संशोधन आणि सांख्यिकी या क्षेत्रांत गणित व जीवशास्त्र दोन्ही जाणणाऱ्या माणसाची गरज आहे आणि अशी माणसे थोडी आहेत.

वाट कोठे अडते?

अशी माणसे थोडी का आहेत, याचे उत्तर विद्यापीठात शोधून सापडणार नाही. ते अकरावीच्या प्रवेश अर्जात आहे. वैद्यकीय शाखेकडे जावयाचे म्हणून गणित सोडले जाते, अभियांत्रिकीकडे जावयाचे म्हणून जीवशास्त्र सोडले जाते. आपल्या राज्यात विज्ञान शाखेत दोन्ही विषय एकत्र घेता येतात, ही गोष्ट मुलांना आणि पालकांना पुष्कळदा कोणी सांगतच नाही. सोळाव्या वर्षी एका रकान्यावर काट मारली जाते आणि दोन विद्यांच्या सीमेवरचे सारे क्षेत्र त्या मुलासाठी बंद होते. मुलगा पुढे वैद्य झाला नाही, अभियंताही झाला नाही, तर त्याच्या हाती अर्धेच सामान उरते.

याची सुरुवात दहावीतच करता येईल. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे. त्याच दहावीच्या गणितात संभाव्यता आहे. पण ही दोन पुस्तके एकाच तासाला बाकावर उघडलेली मी तरी पाहिली नाहीत. मेंडेलच्या वाटाण्यांचे तीनास एक हे प्रमाण दोन नाणी उडवून वर्गात दाखवता येते. दोन्ही नाण्यांवर काटा पडेल तो एक प्रकार, निदान एकावर तरी छापा पडेल तो दुसरा. चाळीस मुलांनी दहादहा वेळा नाणी उडवली, तर चारशे निकाल फळ्यावर येतात आणि प्रमाण तीनास एकच्या जवळ जाते. यास प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानही लागत नाही. गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकांनी एक तास एकत्र घ्यावा, एवढेच लागते.

आपले काम

अखेरीस, येथे जमलेल्यांकडून आणि हा मजकूर वाचणाऱ्या पंचायत सदस्यांकडून व अधिकाऱ्यांकडून काही अपेक्षा व्यक्त करतो.

शिक्षकांनी अकरावीच्या प्रवेशापूर्वी, दोन्ही विषयांत गती असलेल्या मुलांच्या पालकांना बोलावून दोन्ही विषय ठेवण्याचा सल्ला द्यावा. बारावीनंतर 'आयसर'ची स्वतंत्र अभिक्षमता चाचणी असते. तिची जाहिरात फलकावर लावावी. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राकडे गणित व विज्ञान ऑलिंपियाडचे काम आहे. ते स्थळ येथून एका स्टेशनवर आहे. मुलांना ते निदान बाहेरून तरी दाखवून आणावे. जागा पाहिलेली असली की तेथे जाण्याचा विचार मनात येतो.

अधिकारी बंधूंना विनंती अशी की, जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र यांपैकी एखादा कागद उशिरा मिळाल्याने अधिछात्रवृत्तीची मुदत टळते, हे टेबलावर अर्ज आल्यावर आठवावे. कागद आठ दिवस पडून राहिला तर आपल्या कार्यालयाचे काही बिघडत नाही. अर्जदाराचे पूर्ण वर्ष जाते.

पंचायत सदस्यांसाठी एक साधे काम आहे. गोवंडीतील कित्येक कुटुंबांचे गाव अद्याप सुटलेले नाही. मराठवाड्यातील आणि विदर्भातील गावांतही अशीच मुले आहेत. गावातील एम.एस्‌सी. झालेल्या किंवा करीत असलेल्या मुलामुलींची यादी ग्रामपंचायतीने करावी. बहुतेक गावांत ती एका कागदावर मावेल. वर्षातून दोनदा, परीक्षांच्या जाहिराती निघतात तेव्हा, त्यांतील प्रत्येकाला त्या पोहोचल्या की नाही हे कोणी तरी विचारावे. मुलींच्या बाबतीत हे अधिक काळजीने करावे, कारण एम.एस्‌सी.नंतर त्यांच्या लग्नाचा विषय निघतो, आणि दरमहा ३७,००० रुपयांची माहिती त्याच वेळी घरात पोहोचली तर बोलणी थोडी पुढे ढकलली जाण्याची शक्यता असते.

कोसंबींनी १९४४ मध्ये तो निबंध लिहिला तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता. कागद, पेन्सिल, महाविद्यालयातील नोकरी आणि गणित व जीवशास्त्र यांच्यामधील भिंत न मानणारे मन एवढे भांडवल होते. कागद आणि पेन्सिल आपल्या मुलांजवळ आहे. विद्यावेतनाची सोय शासनाने केली आहे. ती भिंत मुलांच्या मनात उभी राहू नये, याची काळजी घेणे मात्र शाळेच्या आणि घराच्या हाती आहे.